फाटकाशी उभे सरकार

"दे की हाक, मावशी," हाकोपा ओठ न हलवता म्हणाला. समोर कॅमेरे होते आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून इस्त्री केलेले एक हसू होते. ते न मोडता बोलायचे म्हणजे कसरतच होती.

"घसा कोरडा पडलाय," पिरिहिरा म्हणाली.

"पाणी आणू?"

"पाण्यानं काय होणार? चहा सांग. दूध जरा जास्त."

हाकोपाने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिले आणि एकदा फाटकाकडे. फाटकाबाहेर रस्त्यावर न्यूझीलंडचे सरकार उभे होते. म्हणजे सरकारचा जेवढा भाग माफी मागायला पाठवता येतो तेवढा. मंत्री माल्कम प्रेंटिस, त्यांच्या डोक्यावर काळी छत्री धरलेली सचिव, मागे सूटवाल्यांचा घोळका, आणि सगळ्यांच्या पुढे काळ्या कपड्यांतली एक म्हातारी माओरी बाई. दक्षिणेकडून वारा सुटला होता. पाऊस बारीकच होता, पण तिरका होता, आणि तिरक्या पावसापुढे छत्रीचे फारसे चालत नाही.

मराएचा, म्हणजे माओरी सभाघराच्या आवाराचा, नियम साधा आहे. घरच्या बाईने ओसरीवरून हाक दिल्याशिवाय पाहुण्याने आत पाऊल टाकायचे नाही, मग तो पाहुणा कोणीही असो. तिने हाक दिली की पाहुण्यांच्या पुढे उभी असलेली बाई उलट हाक देते, आणि मगच सगळे आत येतात. आणि थोरली हाकवाली ओसरीवर उभी असेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचे नाही. पिरिहिराच्या शेजारी तिची भाची रोइमाता उभी होती. गळा तयार, शब्द पाठ, डोक्यावर हिरव्या पानांची वेणी. पण मावशी उभी होती तोवर रोइमाता म्हणजे ओसरीचा एक खांब होती.

"रोइमाताला देऊ दे ना मग," हाकोपाने बोलून पाहिले.

"देईल की. मला आधी आडवी कर, मग देईल."

रोइमाताने नजर जमिनीवर ठेवली. मावशीला आडवी करण्याचा प्रयत्न याआधी दोन नवरे आणि एक इस्पितळ करून थकले होते.

पिरिहिराची हयात गावच्या त्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात गेली. दुसऱ्यांच्या चादरी उकळत्या पाण्यात घालायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. कोणता डाग कशाने जातो हे तिला ठाऊक होते, आणि कोणता जात नाही हेही. बाकी तिच्यात सांगण्यासारखे विशेष काही नव्हते. एक सोडून. तिला कुणाचा वाढदिवस लक्षात राहत नसे, अपमान मात्र एकूण एक लक्षात राहत. चुलतभावाच्या बायकोने नेलेले केकचे भांडे परत केले नव्हते. ती बाई वारली तेव्हा पिरिहिरा तिच्या शवपेटीशी तीन दिवस बसून मनापासून रडली, आणि माती टाकून झाल्यावर भांडे मागून घेऊन घरी गेली. लोक हसले. पण त्यानंतर तिच्याकडून काही नेताना माणसे दहादा विचार करू लागली.

सरकारने तिच्याकडून नेले होते ते भांड्यापेक्षा मोठे होते.

मराएच्या मागे मौंगाकुरा नावाचा डोंगर होता. आता त्याचा एक कुल्ला तेवढा शिल्लक आहे, असे पिरिहिराच म्हणे, आणि पाद्र्यासमोरही म्हणे. डोंगराच्या कपारींत पिढ्यान्पिढ्यांची हाडे ठेवलेली होती. पिरिहिरा लहान असताना सरकारला रस्त्यासाठी खडी हवी होती. सरकारने डोंगर ताब्यात घेतला. कायद्यात बसत होते, म्हणून विचारायचीही गरज पडली नाही. पिरिहिराची आई रिपेका त्या काळची हाकवाली. ती काळे कपडे घालून, पोरीला हाताशी धरून शहरातल्या बांधकाम खात्याच्या कचेरीत गेली. मागणे एवढेच होते, की सुरुंग लावायच्या आधी हाडे काढून न्यायला थोडी सवड द्या.

"साहेब कामात आहेत," कारकून म्हणाला. "बाहेर थांबा."

मायलेकी व्हरांड्यात थांबल्या. बाक होते, पण त्यावर बसा असे कुणी म्हटले नाही, आणि न सांगता बसण्याइतकी रिपेका उद्धट नव्हती. आतून कपबशांचे आवाज येत. कोणीतरी मोठ्याने हसे. दिवे लागायच्या सुमारास कारकुनाने दाराला कुलूप घातले आणि या दोघींना पाहून त्यालाच नवल वाटले. "साहेब मागच्या दारानं केव्हाच गेले की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुरुंग लागले. डोंगराची खडी झाली आणि खडीचा रस्ता झाला. हाडे वेगळी काढत बसायला कुणाला वेळ होता? रिपेका त्या रस्त्यावर कधी चालली नाही. मरेपर्यंत कडेच्या गवतातून गेली. तिची शवपेटीसुद्धा पोरांनी शेतातून, कुंपणांवरून उचलून नेली. आणि आज मंत्र्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने आल्या होत्या, वर डांबर छान गुळगुळीत झाले होते.

"मावशी, ऐक," हाकोपाचे हसू आता कडेने उसवायला लागले होते. "त्यांचं विमान दुपारचं आहे. माणूस रागावून परत गेला तर सगळं पुन्हा कपाटात जाईल. निवडणूक तोंडावर आहे. पुढचा मंत्री म्हणेल, मला काही माहीत नाही. डोंगर परत मिळतोय गं आपल्याला."

"अर्धा."

"उरलाय तेवढा तर मिळतोय."

"आणि त्या माफीच्या कागदात हाडं आहेत का?"

हाकोपाने पुन्हा फाटकाकडे पाहिले. वाटाघाटींत त्याची ऐन उमेदीची वर्षे गेली होती. पहिल्या मसुद्यात हाडे होती. पुढच्या मसुद्यात त्यांचे अवशेष झाले. शेवटी सरकारी वकिलांनी 'सांस्कृतिकदृष्ट्या महत्त्वाच्या बाबी' असे लिहून आणले आणि हाकोपाने दमून मान डोलावली.

"कायद्याच्या भाषेत तसं लिहावं लागतं, मावशी."

"माझी आजी बाब होती होय रे?"

चहा आला. पिरिहिराने तो ओसरीवर उभ्यानेच, सरकारच्या नजरेसमोर, फुंकर घालून घालून प्यायला. बशीत सांडलेलाही प्यायला. अंगणातल्या मंडपात बसलेल्या गावकऱ्यांत एक बारीकशी खसखस पिकली. मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, "बिस्किटंही द्या म्हातारीला, पावसाळाभर उभी राहील." कॅमेरेवाल्यांनी यंत्रांवर प्लास्टिक ओढले. तिकडे मंत्र्यांनी घड्याळ पाहिले, मग पाहिले नाही असे दाखवले, मग पुन्हा पाहिले.

बघ घड्याळ, पिरिहिरा मनात म्हणाली. अजून तुला बाकसुद्धा दिसलेलं नाही.

तिला फार बरे वाटत होते. खोटे कशाला बोला? इतके बरे तिला दुसऱ्या नवऱ्याला घराबाहेर काढले त्या दिवसानंतर वाटले नव्हते. तिने ठरवून टाकले होते, की माणूस चिडून गाडीत बसेपर्यंत थांबायचे. मागच्या दाराने जायची सोय मराएला नाही. जायचे तर सगळ्यांच्या देखत जावे लागेल. डोंगर काय, आजवर नव्हता तसा पुढेही नसेल.

फाटकाशी सचिवबाई छत्री सांभाळत पुढे वाकली आणि त्या काळ्या कपड्यांतल्या बाईच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते सांगायला नको होते: तुम्हीच सुरू करा ना, म्हणाली असणार. म्हातारीने मान हलवली. नाही. सचिवबाईने छत्री तिच्या डोक्यावर धरायला पुढे केली, तर तिने हाताने बाजूला सारली. हाकवाली छत्रीखाली उभी राहत नाही. तोंड घराकडे आणि कपाळ आभाळाखाली.

तेव्हा कुठे पिरिहिराने त्या बाईकडे नीट पाहिले. कुठल्या तरी दक्षिणेकडच्या जमातीची असावी. खात्याने आणलेली असणार. अशा कामांसाठी खाती आपल्यातल्या म्हाताऱ्या शोधून आणतात. वय तिच्याएवढेच. केस गालांना चिकटले होते, वेणीतली पाने गळून खांद्यावर पडली होती. ती इकडेतिकडे पाहत नव्हती, पाय बदलत नव्हती. पिरिहिराची नजर पोचल्यावर तिने हनुवटी किंचित खाली केली. म्हणजे, कळतंय मला. चालू दे तुझं.

आणि मग तिचा गुडघा लचकला. तिने चटकन फाटकाचा खांब धरला आणि लगेच सोडून दिला, कुणाला दिसू नये म्हणून.

पिरिहिराच्या तोंडातली चहाची चव गेली. छत्रीखाली मंत्र्यांचे बूट तेवढे ओले झाले होते. गाड्यांत चालक गरम हवा लावून बसले होते. इतक्या वेळच्या पावसात खरी भिजली होती ती एक माओरी म्हातारी, आणि तिला उभे कोणी केले होते? सरकार तेव्हाही आत कोरडे होते आणि आजही कोरडेच होते. सरकारने पुढे आपल्यातलीच बाई केली होती, आणि पिरिहिराने नेमका तिच्यावर नेम धरला होता.

"हरामखोर," ती हळूच म्हणाली.

"कोण?" हाकोपा दचकला.

"कप धर."

आणि तिने हाक दिली.

त्या हाकेने मंडपातली चुळबुळ थांबली. ती हाक वर गेली, पावसातून फाटकापर्यंत पोचली. "ये, बाई, ये," पिरिहिरा आपल्या भाषेत म्हणाली. "वाऱ्यातून आलीस, एकटी आलीस, ये. तुझ्या मेलेल्यांना घेऊन ये. आमचे तुझ्या पायाखाली आहेत, त्या रस्त्यात दळलेले आहेत, त्यांनाही उचल. त्यांना घरी घेऊन ये, बाई."

मंत्री हा शब्द हाकेत कुठेच नव्हता. सरकार नव्हते, पाहुणे नव्हते. बोलावणे एका बाईला होते आणि मेलेल्यांना होते. हाकोपाने डोळे मिटले. मंडपातली म्हातारी माणसे एकदम ताठ बसली.

फाटकाशी त्या बाईने छाती भरून घेतली. थंडीने तिचा आवाज सुरुवातीला फाटला, मग सापडला. "आले, ताई, आले. ते मला धरूनच आलेत. तळव्यांना लागलेत, कपड्यांना लागलेत. मी त्यांना घेऊन येते आहे."

ती चालू लागली, अगदी सावकाश, कडेवर मूल असल्यासारखी. मागून सरकार निघाले.

"काय म्हणाल्या त्या?" सचिवबाईने चालता चालता विचारले.

"स्वागत केलं," बाई म्हणाली.

माफी मंडपात वाचली गेली. मंत्र्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांनी तालीमही केलेली दिसत होती. मौंगाकुराचा उच्चार त्यांनी तीन प्रकारे केला. सांस्कृतिकदृष्ट्या महत्त्वाच्या बाबींशी आले तेव्हा ते थांबले आणि भावपूर्ण नजरेने वर पाहिले. पिरिहिराने रोइमाताच्या दंडाला इतका जोराचा चिमटा काढला, की ती दंड चोळत राहिली. टाळ्या पडल्या. काही माणसे रडली, ती खरोखर रडली. ऐकायला जिवंत राहिलो एवढ्यानेही माणूस रडतो. हाकोपाही रडला. पिरिहिराने त्याच्याकडे पाहिले आणि प्रथमच तिला तो थकलेला, टक्कल पडत चाललेला माणूस दिसला. तिने त्याला रुमाल दिला.

मग पाहुणे रांगेने यजमानांना भेटायला आले. कपाळाला कपाळ, नाकाला नाक, आणि दोघांचा श्वास एक. एवढे झाले, की पाहुणा पाहुणा राहत नाही, घरचा होतो.

पहिली ती बाई आली. दोघींनी नाके टेकवली आणि तशाच थांबल्या, रांग अडेपर्यंत.

"मी हुरिया," ती म्हणाली. "बरंच उभं केलंस गं."

"तुला नव्हतं करायचं."

"ठाऊक आहे. म्हणून तर उभी राहिले. पण गुडघा माझ्या बापाचंसुद्धा ऐकत नाही."

"आत शेगडी आहे. सुके कपडे रोइमाता देईल. माझेच आहेत, कमरेत सैल होतील."

"तुझी कंबर बघूनच म्हणते, दोन मावतील," हुरिया म्हणाली, आणि त्या दोघी अशा हसल्या, की मागचे मंत्रीही काय चालले आहे ते न कळून सौजन्याने हसले.

मग तेच पुढे आले. उंच माणूस, त्यांना बरेच वाकावे लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. कुणीतरी त्यांना नीट शिकवले होते, कारण त्यांनी घाई केली नाही, कपाळ हलकेच टेकवले, मग नाक, आणि वाट पाहिली. त्यांच्या श्वासाला पुदिन्याचा वास होता. माणूस वाईट नसावा, असेही पिरिहिराला वाटून गेले. पण त्याने काही फरक पडत नव्हता.

तिने श्वास आत घेतला आणि रोखला.

त्यांचे नाक तिच्या नाकाशी होते. ते श्वास सोडत होते, घेत होते. तिच्याकडून काही येत नव्हते. शेजारी हाकोपाला दिसले, की मावशीची छाती हलत नाहीये.

मंत्री सरळ झाले. त्यांचे डोळे ओलसर होते. "थँक यू," ते हळू आवाजात म्हणाले. हाकोपाशी नाक टेकवून झाल्यावर ते त्याच्या कानाशी म्हणाले, "तुमच्या मावशींनी मला मनापासून जवळ केलं. मला जाणवलं ते."

"हो, साहेब," हाकोपा म्हणाला.

पिरिहिराच्या कानशिलांत ठोके पडत होते. मंत्री आणखी दोन माणसे पुढे सरकेपर्यंत ती थांबली. मग मान वळवून तिने तो श्वास मंडपाच्या कडेने बाहेर, पावसात सोडला. त्यातला जराही त्यांच्या बाजूला जाणार नाही, अशा बेताने.