तिच्या अंगठ्याखालची तार

मी एक छोटा संगणक बोलतोय. बोलतोय म्हणायचं इतकंच. मला तोंड नाही, टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटवणं हेच माझं बोलणं. माझा मेंदू नखाएवढा. असल्या स्वस्त चिपा कपडे धुण्याच्या यंत्रात, खेळण्यात सर्रास सापडतात. अंग म्हणाल तर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आणि भाषा मला एकच येते, बेसिक, प्रोग्रॅम लिहायची जुनी, सोपी भाषा.

मला घडवलं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईनं, आपल्या वडिलांसाठी. वडील बस डेपोत होते. गाड्यांची वेळापत्रकं लावणारे प्रोग्रॅम त्यांनी तरुणपणी बेसिकमध्येच लिहिलेले. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ लुळी पडली. लेकीनं मोबाइल हातात दिला, तर डाव्या हाताचं थरथरतं बोट भलत्याच अक्षरावर पडायचं. लॅपटॉप दिला, तर त्यावर भराभर उघडणाऱ्या खिडक्या बघून त्यांनी तो ढकलूनच दिला.

"बाबांना आता काही कळत नाही गं," थोरला भाऊ म्हणाला.

"कळतं, दादा. त्यांच्या ओळखीचं काहीतरी द्यायला हवं."

आणि कथील वितळवून तिनं माझ्या तारांना डाख द्यायला घेतला. मोठमोठ्या बटणांचा एक जुना कीबोर्ड मला जोडला. पण मी पुरता तयार होतो न होतो, तोच वडिलांचा पाय काळा पडू लागला आणि त्यांना इस्पितळात हलवावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "विष वर चढतंय. दुपारच्या आत पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. नाहीतर ते वाचणार नाहीत. आणि काढतानाही धोका आहेच."

"काढा," भाऊ म्हणाला.

"नको," बहीण म्हणाली. "आख्खा जन्म पायी फिरलेला माणूस आहे. असं जगणं त्यांना आवडणार नाही. मला माहितीये."

"तुला कसं माहीत? त्यांनी सांगितलं?"

ती गाडी काढून घरी गेली आणि मला पिशवीत कोंबून घेऊन आली. वाटेत खड्डे काय कमी होते! खोलीतल्या टीव्हीला मला जोडलं, तर पडदा काळाठिक्कर. डबा उघडून बघते, तर वीज आणणाऱ्या तारेचा डाख सुटलेला. तिथं डाख द्यायचं हत्यार कुठून मिळणार? तिनं ती तार अंगठ्यानं जागेवर दाबून धरली. पडद्यावर 'तयार' उमटलं.

म्हाताऱ्याचे डोळे पडद्यावर खिळले. डावा हात हळूहळू कीबोर्डवर आला.

"बाबा, तुम्हाला आम्ही बोलतो ते कळतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

एकेक बटण दाबायला त्यांना किती वेळ लागत होता! इंग्रजी अक्षरांत मराठी. भाऊ दाराशी येरझारा घालत होता. माझं सगळं लक्ष तिच्या अंगठ्यावर होतं, कारण तो जरा जरी हलला असता, तर माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं जाणार होतं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली, 'परत पहिल्या ओळीवर जा' अशी. मग त्यांनी प्रोग्रॅम चालवला.

'मला कळतंय. मला कळतंय. मला कळतंय.' पडदा वरपासून खालपर्यंत भरला, भरतच राहिला.

भावाच्या येरझारा थांबल्या. "बाबा..." म्हणत तो खाटेपाशी आला.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. त्यांनी पायाचं, धोक्याचं, सगळं सावकाश समजावून सांगितलं. "आता तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्यानं पडदा थांबवला आणि नवी ओळ सुरू केली. पहिलं अक्षर 'के'. लेकीला काय येणार ते उमगलं. तिच्या अंगठ्याचा दाब किंचित सैल झाला. ते मला जाणवलं, दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. अंगठा उचलला असता, तरी 'तार सुटली' म्हणून कुणी तिला दोष दिला नसता. घड्याळात दुपार होत आलीच होती.

तिनं अंगठा आणखी घट्ट दाबला. नख पांढरंफटक पडलं.

'काढा,' पडद्यावर उमटलं. आणि थोड्या वेळानं, 'मला जगायचंय.'

"बरं, बाबा," ती म्हणाली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. भावानंच पुढे होऊन आपला रुमाल तिच्या गालाला लावला.

आता मी त्यांच्या खाटेशेजारच्या टेबलावर असतो. तार पक्की झालीये. पाय गेला, त्याचं दुःख त्यांना होतं. काही दिवस ते मला हातही लावत नाहीत. मग अचानक चहा पांचट झालाय म्हणून पडदाभर लिहितात.

तुमच्या घरात कुणी गप्प पडलं असेल, तर त्याच्या वतीनं बोलायची घाई करू नका. प्रेमापोटीही नको. त्याला जमेल असं काहीतरी त्याच्या हाताशी द्या आणि वाट बघा.

आता पुरे करतो. चाकाची खुर्ची माझ्याकडे वळलीये, आणि चेहऱ्यावरून दिसतंय की आज लेकाशी भांडायचा बेत आहे.