कंटाळ्याचं पान

लेखिकाबाई शाळेत येणार म्हणून मी नववीला त्यांची कादंबरी आधीच वाचायला दिली होती. हा वर्ग पुस्तक म्हटलं की नाक मुरडणारा. बाईंसमोर सगळे मूग गिळून बसले तर काय, हीच मला धास्ती.

बाईंनी विचारलं, "कंटाळून पुस्तक कुठे मिटलंत? खरं सांगा, रागावणार नाही."

"एकतिसाव्या पानावर!" चार-पाच जण एकदम म्हणाले. "तिथं मामा नुसता सायकल दुरुस्त करत बसतो."

"मग पुढच्या आवृत्तीत ते काढूनच टाकते," म्हणत बाईंनी पेन उघडलं.

"अहो बाई, नका ना!" मागच्या बाकावरून आमची कुंभकर्ण ओरडली. वर्गात सदा डुलक्या काढते म्हणून तिला हे नाव. "मामा तिथं मान खाली घालून रडत असतो. म्हणून तर शेवटी सायकल विकत नाही."

"तू शेवटपर्यंत वाचलंस?" शेजारीण किंचाळली. "आणि मला बोलली नाहीस, शहाणे!"

कुंभकर्ण लाजली. बाईंनी हसून पेन बंद केलं.

तास संपल्यावर सात जण माझ्या टेबलाशी आले. "सर, ते पुस्तक पुन्हा द्या ना. मामा खरंच रडतो का, बघायचंय."