दरफाळणीच्या दिवशी एक घोट

मी याद बोलतेय. मराठीत याद म्हणजे आठवण. पण माझं नाव हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ हात. वीतभर चांदीची दांडी आणि टोकाला तर्जनी पुढे काढलेली इवलीशी मूठ, एवढीच मी. धर्मग्रंथाच्या गुंडाळीवरच्या अक्षरांना माणसाचं बोट लागू नये, म्हणून वाचणारा मला ओळींवरून फिरवतो.

माझा जन्म अलिबागचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्यातल्या एका आजीनं आपले पैंजण सोनाराला देऊन मला घडवून घेतलं. तिचा नातू एलिझर किहीमकर तरुणपणी इंग्लंडला निघाला, तेव्हा स्वेटरच्या घडीत बसून मीही आले.

एलिझरबाबा वॉटफर्डला स्थायिक झाले. उभा जन्म त्यांनी हॉस्पिटलच्या फार्मसीत काढला. "जेवण चुकवू नका, गोळी विसरू नका," हे त्यांनी किती लोकांना बजावलं असेल! स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी काही बजावलेलं चालत नसे.

योम किप्पूरला आमची माणसं जुन्या बोलीत दरफाळणीचा सण म्हणतात. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर अन्नपाणी वर्ज्य करून देवाची क्षमा मागायची. त्या दुपारी योना नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट वाचतात. आमच्या छोट्या मंडळात ती वाचायचा मान बाबांचा. गेल्या वर्षी इन्शुलिन घेणाऱ्या या माणसानं कडक उपास केला आणि वाचता वाचता कोसळला. मी त्यांच्या हातातून सुटून फरशीवर आपटले. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात.

यंदा त्यात डोळ्यांची भर पडली. नजरेचा मधलाच भाग गेला; समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, अशी त्यांची नजर झाली. गोष्ट पाठ होती, पण उजळणीला सोबत हवी होती. मुलगा डॅनियल कामासाठी सतत बाहेरगावी. सोबतीला बसली ती सून मनाली. ती पुण्याची, हिंदू घरातली. तिला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "बाबा, मी हिला हात लावला तर चालेल ना?"

"अगं, हातालाच हात लावायचाय. लाव."

मग बाबा हिब्रू म्हणत आणि मनाली मराठी भाषांतराच्या ओळींखालून मला सरकवत मोठ्यानं वाचे. देव योनाला सांगतो, ऊठ आणि निनवे नगराला जाऊन त्यांना सावध कर. योना उठतो आणि उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. वादळ येतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात, मासा गिळतो आणि किनाऱ्यावर ओकतो. मग पुन्हा तीच आज्ञा.

मनाली थांबली. "बाबा, हे वाक्य मगाशी आलं होतं. सेम टू सेम."

बाबांचा चेहरा उजळला. "सापडलं तुला! गोष्टीचे दोन अर्धे आहेत. दोन्ही एकाच आज्ञेनं सुरू होतात. पहिल्यात परके खलाशी देवाला शरण जातात, दुसऱ्यात परकं नगर. आणि दोन्ही वेळा शेवटी योना आणि देव, दोघंच उरतात. लिहिणाऱ्यानं घडी घालावी तशी घातलीय."

मी पिढ्यान्पिढ्या त्या ओळींवरून फिरले आहे. पण ती घडी अशी उलगडताना पाहून मलाही नवल वाटलं.

पुढच्या संध्याकाळी मनालीला आणखी काही दिसलं. "मासा ऐकतो. योनाला सावली द्यायला उगवलेली वेल ऐकते, तिला खाणारा किडा ऐकतो, गरम वारासुद्धा ऐकतो. फक्त योनाच ऐकत नाही."

"हिब्रूत त्या चौघांना क्रियापदही एकच आहे. देवानं 'नेमलं'."

"मग बाबा, रब्बींचं तुम्ही का ऐकत नाही?"

रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: जीव वाचवणं ही मोठी आज्ञा; तुम्ही त्या दिवशी थोडं थोडं खायचं, प्यायचं.

"ती सवलत आहे," बाबा म्हणाले. "सवलत घेऊन देवापुढे उभं राहायची मला लाज वाटते."

मनालीनं मला शेवटच्या पानावर नेलं. निनवेच्या लोकांना देवानं क्षमा केली म्हणून योना रागावून नगराबाहेर बसला होता. ती म्हणाली, "यालाही तेच खटकतंय. देव इतका मऊ कसा, म्हणून चिडलाय. बाबा, मला भीती वाटते हो. मागच्या वर्षी तुम्हाला मी उचललं होतं."

बाबांनी चाचपडत तिचं मनगट धरलं. मग ते म्हणाले, "उपास मला सोपा जातो गं. न करणं अवघड आहे. करीन, अवघड तेच करीन."

दरफाळणीच्या दिवशी दोघं चालत मंडळाच्या हॉलवर आली. सकाळभर बाबा मधूनमधून बाजूच्या खोलीत जात, मनालीच्या हातून चमचाभर खिमट आणि घोटभर सरबत घेत आणि मान खाली घालून परत येत. मी त्यांच्या खिशातच होते.

दुपारी त्यांनी गोष्ट म्हटली. पुस्तक समोर, मी हातात, पण शब्द आतून येत होते. एवढं मोठं नगर, एवढी माणसं, एवढी गुरंढोरं, मला त्यांची दया येऊ नये का, असं देव विचारतो आणि गोष्ट संपते. योनाचं उत्तर कुणी लिहिलेलंच नाही. नेहमी बाबा तिथं पुस्तक मिटत. यंदा त्यांनी सगळ्यांसमोर मागे वळून म्हटलं, "मनाली, माझं सरबत आण."

ते सगळ्यांदेखत प्याले, सावकाश, मान वर ठेवून.

मागच्या रांगेत सिंधुबाई राजपूरकर बसल्या होत्या. वय झालेलं, हृदय कमजोर. त्यांनी पदराआडून गोळीची डबी काढली आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाणी दे गं. सकाळपासून राहिलीय."

आता माझी मूठ थोडी वाकडी आहे. गेल्या वर्षीच्या पडण्याची ती खूण. बाबा ती सरळ करून घेत नाहीत. तुमच्या घरी कुणी असं हट्टानं स्वतःला जाळत असेल, तर त्याला नुसतं रागावू नका. जवळ बसा, त्याला प्रिय असलेलं पुस्तक उघडा आणि त्याच्याबरोबर वाचा.

बरं, येते मी. मनालीनं हिब्रू शिकायला घेतलंय. तिला अजून 'गिमेल' आणि 'नून' ही अक्षरं एकसारखीच दिसतात, आणि न पाहताही बाबांना तिची चूक बरोबर कळते. "पुन्हा वाच," ते म्हणताहेत. ती वाचतेय.