पायरीची कड

आधीच सांगून टाकतो, मला कुणी शिकवलेलं खपत नाही. चाळीस वर्षं इटालियन संगमरवर बसवतोय. सगळ्या पांढऱ्या दगडांना सरसकट पांढरा म्हणणारा माणूस भेटला की माझं डोकं फिरतं. अहो, कॅरारा वेगळा. त्याचा पांढरा राखाडीकडे झुकलेला, रेघा बारीक आणि धुरकट. कॅलाकाटा उजळ, त्याच्या शिरा जाड, ठसठशीत, कधी सोनेरी झाक असलेल्या. आणि स्टॅचुआरिओचा पांढरा म्हणजे खरा पांढरा. शिरा मोजक्याच, पण आहेत तिथून नजर हटत नाही. खाणीतून तो निघतोच थोडा, त्यामुळे भाव न विचारलेला बरा.

भाच्याने घर बांधलं तेव्हा जिन्यासाठी मी हट्टाने स्टॅचुआरिओ घ्यायला लावला. भाचा म्हणजे माझ्या ताईचा मुलगा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, ताई पंधराची. तिनेच मला वाढवलं, धोपटलं, आणि शाळेत माझा निभाव लागेना तेव्हा या कामाला लावलं. अजूनही मला दगड्या म्हणते. तिच्या घरचा जिना माझ्या हातून व्हायचा म्हणजे तो काही ऐरागैरा होऊन चालणार नव्हता. एकाच स्लॅबमधून पायऱ्या ओळीने कापल्या, प्रत्येकीच्या पाठीवर आकडा घातला आणि अशा बसवल्या की एक राखाडी शीर वरून निघायची ती पायरीवरून उभ्या फळीवर, तिथून खालच्या पायरीवर, अशी कुठेही न तुटता थेट खालच्या पांढऱ्या फरशीला येऊन मिळायची. पायरी कुठे संपते ते लांबून दाखवा, म्हणून मी कामगारांशी पैज लावली. पैज मीच जिंकलो.

काम सुरू होण्याआधी भाच्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, एकदाच बोलली होती. मामा, पायऱ्यांच्या कडेला एखादी काळी पट्टी घालता येईल का, सगळंच एकसारखं दिसतंय, असं तिचं म्हणणं. मी चारचौघांत तिला म्हणालो, "हे घर आहे बाई, दवाखाना नाही." सगळे हसले. तीही हसली आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, खोड मोडली.

सहा महिन्यांनी एका गिऱ्हाइकाला जिना दाखवायला घेऊन गेलो. शेखी मिरवायला, दुसरं काय! ताई तेव्हा वरून उतरत होती. तिची खोली वर, गच्चीला लागून. गच्चीत तिच्या साठ कुंड्या, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. ती निम्म्यावर आली असेल. मी खालून ओरडलो की ताई, थांब, तिथेच थांब, या साहेबांना शीर नीट बघू दे. ती थांबली. साहेबांचं बघून झाल्यावर ती पुन्हा उतरू लागली. शेवटच्या पायरीवर आली आणि जमीन आल्यासारखी सरळ पुढे चालायला गेली. माझ्या डोळ्यांदेखत ती कोसळली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं की चप्पल सरकली. मला ते सोयीचंच होतं. घरी जाऊन मी तिच्या चपला कचऱ्यात फेकल्या आणि असल्या गुळगुळीत चपला आणल्या कुणी म्हणून भाच्याला वर फैलावरही घेतलं.

तीन महिन्यांत ताई काठी टेकत घरभर फिरायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता जिना चढायला हरकत नाही. पण ताई जिन्याकडे फिरकेना. खालच्या खोलीत तिची खाट टाकली होती, तीच बरी म्हणायची. कुंड्यांना सूनबाई पाणी घालते ना, मग झालं तर, असंही म्हणाली. हे ऐकून मात्र मी घाबरलो. कुंड्यांचा हक्क सोडणारी ताई मी जन्मात पाहिली नव्हती. आता ती कायमची त्या अंधाऱ्या खोलीत राहणार, आणि आम्ही सगळे त्यालाच आराम म्हणणार.

एके दिवशी सूनबाईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. या वेळी तिने आडपडदा ठेवला नाही. पांढऱ्या कपात दूध किती भरलं ते आई बोट बुडवून बघतात, म्हणाली. भिंतीवरचं पांढरं बटण चाचपडत शोधतात. मी नेहमीसारखा उसळणार होतो, पण तो पांढरा कप डोळ्यांसमोरून हलेना. तसाच उठून दुकानात गेलो आणि तळहाताएवढे नमुने पिशवीत भरून आणले.

ताईसमोर स्टॅचुआरिओची एक फरशी ठेवली आणि तिच्यावर एकेक नमुना ठेवत गेलो. आधी कॅरारा. काय दिसतं, विचारलं. पांढरं, म्हणाली. कॅलाकाटा ठेवला. पांढरंच. मग बोटिचिनो, तो तर चक्क सायीच्या रंगाचा असतो. तिने विचारलं, ठेवलास का काही? ज्या फरकांवर मी चाळीस वर्षं पोट भरलं, लोकांशी भांडलो, त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. सिएनाच्या पिवळ्याचं काहीतरी जाणवलं, पण तो कुठे संपतो ते तिला कळेना. रोसो लेवांतो गडद लाल, जांभळाकडे जाणारा. त्याला ती पुढे वाकली आणि म्हणाली, हा आहे, पण जरा धूसर. शेवटी पोर्तोरो ठेवला. काळाकुट्ट, त्यात सोनेरी रेघा. तिने न चाचपडता बोट नेमकं त्याच्या कडेवर ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

घर बांधायच्या आधीपासून, म्हणाली. डोळ्याचा पडदा खराब होतोय, सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी तिला एकटीलाच सांगितलं होतं, आणि तिने ते एकटीनेच ठेवलं होतं.

"मग जिना कसा उतरायचीस?"

"मोजून. तेरा होतात. त्या दिवशी तू हाक मारलीस आणि माझा आकडा चुकला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. आधी का नाही सांगितलंस, एवढंच कसंबसं विचारलं.

"तू त्या जिन्यापाशी लहान पोरासारखा नाचत होतास, दगड्या. तुझा विरस करायला जीव होईना."

बासष्ट वर्षांचा घोडा मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. तिने थोडा वेळ रडू दिलं, मग नाक पूस म्हणाली.

भाचा म्हणत होता की चिकटपट्टी लावू, एवढा सुंदर जिना कशाला फोडायचा. मी ऐकलं नाही. चिकटपट्टीची कड उचलली जाते, त्यात पाय अडकतो; पट्टी काळ्या दगडाचीच, खाचेत बसवलेली हवी. पण त्याआधी मी सूनबाईकडे गेलो. तुझं ऐकलं असतं तर ताई पडली नसती, माझं चुकलं, असं तिला तोंडावर सांगितलं. हे वाक्य मला फार जड गेलं. तिने पट्टी किती रुंद घालणार, तेवढं विचारलं. मी पट्टी एक इंचाची घालणार होतो. दोन इंच घ्या मामा, म्हणाली. मी दोन इंच घेतली.

खाचा मीच मारल्या. कामगार ग्राइंडर मागत होते, मी दिला नाही. पहिल्या पायरीवर चाक शिरेवरून गेलं तेव्हा मला बघवेना, खोटं कशाला बोलू. तेरा पायऱ्या, तेरा ठिकाणी शीर तुटली. तिसरीनंतर मी शिरेकडे बघायचं सोडून दिलं, खाच सरळ आहे का तेवढंच बघत राहिलो. पोर्तोरोच्या पट्ट्या बसवल्या, वर बोट फिरवून कुठे ठेच लागत नाही ना ते पाहिलं, पॉलिश केलं. पाच दिवस लागले.

सहाव्या दिवशी ताई भाच्याला धरून वर गेली. अर्धा तास कुंड्यांपाशी होती. सूनबाईने पाणी जास्त घातल्याची कुरकुर खालपर्यंत ऐकू येत होती. मग ती उतरायला आली. भाच्याचा हात सोडला, एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. मी खाली तोंड गच्च मिटून उभा होतो, श्वाससुद्धा जपून घेत होतो.

चौथ्या पायरीवर ती बोलायला लागली. दोन रोपं मेलीत म्हणाली. मातीच बदलायला हवी म्हणाली. तू वाळलायस, जेवतोस की नाही म्हणाली. पाय एकेका काळ्या पट्टीमागे नेमका पडत होता आणि तोंडाची टकळी चालूच होती. हे घर झाल्यापासून या जिन्यावर ताईच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

बोलत बोलतच ती फरशीवर उतरली. माझे डोळे भरलेले तिला दिसले नसावेत. ऐकतोयस ना, म्हणून तिने दटावलं. मी ऐकतोय म्हणालो, तरी तिने मातीचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.