शिंप्याची कवळी तोंडी परीक्षेला बसते

मी कवळी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला थांबायला वेळ नाही. वरचे-खालचे मिळून अठ्ठावीस दात, पण बोलायला मी एकटीच.

दातांच्या डॉक्टरनं एका शिंप्याच्या हिरड्यांचं माप घेतलं आणि मला बेतलं. शिंपी सहासष्ट वर्षांचा. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस, स्वतःचं माप देताना मात्र गुदमरला.

"टोचतेय," म्हणाला.

"सवय होईल," डॉक्टर म्हणाला.

कसली होतेय! घरात शिरला की आधी मी तोंडाबाहेर.

बायको गेल्यावर तो परदेशात लेकीकडे आला. इथली भाषा वेगळी. कचेरीत त्या भाषेची तोंडी परीक्षा पास झाला तरच लेकीजवळ राहायचा परवाना, नाहीतर परत रिकाम्या घरी. तीनदा बसता येतं. दोनदा आपटला होता.

सात वर्षांची नात चार महिन्यांत खेळता खेळता घडाघडा बोलायला लागली. कशी, विचारलं तर खांदे उडवते. म्हातारा खडूनं चिंध्यांवर शब्द लिहून घोकायचा. व्याकरणाचा नियम सांगितला तर त्याला तिच्याआधी कळायचा, हे कुणी कबूल करत नाही. पण जीभ वळेल तर शपथ.

"आजोबा, असं नाही. जीभ मागे घ्या."

"घेतो गं, पण ती ऐकत नाही. तुझ्या आजीवर गेलीय."

"बाबा, या वयात तोंड नाही वळायचं आता," लेक म्हणायची. ते त्याला झोंबायचं. मग आणखी तासभर घोकणं.

आणि हे सगळं मला काढून! मी डबीत तळमळायची. अरे, परीक्षेला मला घालून जाणार ना, मग मला घालूनच शीक की. पण कवळीचं ऐकतो कोण?

तिसऱ्या परीक्षेला नवा सदरा आणि मी. समोर तपासणारी बाई. "काय काम करता?"

त्यानं तोंड उघडलं. दातांशिवाय शिकलेलं सगळं माझ्यावर येऊन धडकलं. शब्द घसरले, नुसती शिट्टी निघाली.

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

पुन्हा तेच. दाराशी उभ्या लेकीनं डोळे मिटले. मी नुसती खटखटत होते.

म्हाताऱ्यानं तोंडात बोटं घातली, मला काढलं आणि रुमालावर ठेवलं, थेट बाईच्या कागदांशेजारी. मग बोलला. "मी शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवले. बायको वारली. लेकीजवळ राहायचंय. तुमच्या पडद्याची शिवण उसवलीय, सुईदोरा द्या."

उच्चार ऐकवत नव्हते. पण वाक्य न वाक्य समजत होतं.

बाईनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पासचा शिक्का मारला. "उच्चार सुधारा," एवढंच म्हणाली.

ते त्यानं मनावर घेतलंय. आता मला घालून पहिल्या शब्दापासून पुन्हा घोकतोय. हिरड्या आक्रसत चालल्यात, मी सैल होत चाललेय, म्हणून माझी घाई. नातीसारखं तो कधीच बोलणार नाही, हे मला कळतं. त्यालाही कळत असावं.

तुमच्या दुकानात असा कुणी म्हातारा आला, तर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. मधेच शब्द पुरवू नका. वाक्य पुरं होऊ द्या. तेवढ्यासाठीच तो घराबाहेर पडलेला असतो.