गप्प बाटली

बिराजदार सरांच्या शर्टाला नोकरीभर प्रयोगशाळेचा वास यायचा. सिटी बसमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून दुसरी जागा शोधायचा आणि सर ऐसपैस बसून घरी यायचे. त्याचं त्यांना वाईट वाटणं दूरच, उलट कौतुक होतं. सोलापूरच्या कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवायला लागले तेव्हा यंत्रं नावालाच होती, सगळी भिस्त नाकावर. बाटलीचं बूच काढायचं, नाक बाटलीला न लावता हाताने वारा नाकाकडे घ्यायचा आणि सांगायचं. कडू बदाम आले की बेन्झाल्डिहाइड, पिकलं केळं आलं की आयसोअमिल ॲसिटेट. आता पोरं नमुना यंत्रात घालतात आणि चहा प्यायला जातात.

दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला सर बिनलेबलाच्या बाटल्या ओळीने मांडायचे. त्यांत एक साध्या पाण्याची असायची. तिला पोरं गप्प बाटली म्हणायची, पण हे नाव कळायचं ते फसल्यावरच. नव्या बॅचला त्या पाण्यातही वास सापडायचे. कुणी मंद सुवास लिहायचं, कुणी गुलाब. शिवकुमार नावाच्या एका पोराने तर ताक लिहिलं होतं. सर रागवायचे नाहीत. वास येत नसेल तर येत नाही म्हणा, एवढंच सांगायचे; नाही म्हणायची लाज वाटली की केमिस्ट संपला. जुनी बॅच हे गुपित नव्या बॅचपाशी कधी फोडत नसे. फसण्याचा मान ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे, असा तिथला शिरस्ता होता.

आता ती प्रयोगशाळा पाडून नवी बांधायची ठरली, म्हणून यंदा जुने विद्यार्थी एकदा जमले. सर सगळ्यांच्या आधी येऊन सागवानी टेबलांवरचे ॲसिडचे डाग हाताने चाचपत उभे होते. कुठला डाग कुणाच्या हातून पडला हे त्यांना अजून आठवत होतं.

कार्यक्रमात तेजश्रीचं व्याख्यान होतं. मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने येणारी, डबा खात खात सूत्रं पाठ करणारी ही मुलगी आता पुण्यात औषधांच्या संशोधनात होती. हात थरथरण्याच्या आजारात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूतलं एक एन्झाइम काही जणांत हाताबाहेर जातं. त्याला वेसण घालणारा रेणू तिची टीम घडवत होती. टार्गेट सापडलंय, रेणूही हाताशी आलाय, तिने सांगितलं, अडचण आहे ती वेळेची. हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या त्या पेशी निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. मग औषध देऊन वाचवायचं काय? म्हणून आजार आधीच ओळखला पाहिजे. पुष्कळ जणांत तो हाताच्या कितीतरी वर्षं आधी नाकात दिसतो. वास जातो.

पहिल्या रांगेत बसलेल्या सरांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांचे हात शेवटी असेच थरथरायचे, बशीतला चहा धोतरावर सांडायचा. आणि सरांना गेली दोनअडीच वर्षं कशाचाच वास येत नव्हता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला, म्हणजे जगदेवीबाईंनाही नाही. ज्या माणसाचं सगळं नाव नाकावर उभं, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

व्याख्यान संपलं आणि शिवकुमार उठला. तो आता चिंचोळी एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात मोठा साहेब होता, पण खोडी गेली नव्हती. आज सरांची परीक्षा, असं जाहीर करून त्याने त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. सर नको नको म्हणत राहिले. ते कुणी ऐकतंय होय?

पहिली बाटली हातात आली. बूच काढताना एक थेंब बोटावर पडला, गारेगार लागला आणि क्षणात उडून गेला. सरांनी वारा घेतल्यासारखं केलं आणि सांगितलं, ॲसिटोन. टाळ्या पडल्या. सरांनाही क्षणभर जुनं बळ आलं. दुसऱ्या बाटलीने मात्र बोटांना काहीच सांगितलं नाही. सर थांबले. शिवकुमारला केळ्याच्या वासाचं भारी वेड होतं, तो तेच आणणार.

“आयसोअमिल ॲसिटेट,” सर ठामपणे म्हणाले.

मग शिवकुमार खो खो हसायला लागला. सरांनी आपल्या सगळ्यांचीच फिरकी घेतली, तो म्हणाला, गप्प बाटलीला केळं. सगळे हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या. सरांनी रुमाल सोडला. समोर तेजश्री उभी होती. ती एकटीच हसत नव्हती.

सुटायला वाट मोकळी होती. सरांनीही हसून मान डोलावली असती तर विषय तिथेच मिटला असता. ते डोलावणारही होते, पण या खोलीत, या टेबलांसमोर, त्यांना ते जमेना. त्यांनी तेजश्रीला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं, वडिलांच्या हातांसकट.

तिने धीर दिला. वयाने वास जातो, सर्दीने जातो, कोरोनानंतर तर कितीतरी जणांचा गेला. लगेच तोच आजार धरायचा नाही, तपासणी करून बघू. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि तोच निघाला, तर तुझं औषध मला मिळेल?”

“नाही सर,” तेजश्री म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “ते अजून उंदरांवर आहे. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. येईलच असंही नाही.”

“मग माझा काय उपयोग?”

वास गेलेला पण हात न थरथरणारा माणूस आम्हाला मिळतच नाही, ती म्हणाली. तुमच्यासारखे आले नाहीत तर औषध कुणाला आणि कधी द्यायचं तेच आम्हाला कळणार नाही. सरांना तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. पुण्याला येतो, असा शब्द त्यांनी दिला.

संध्याकाळी जगदेवीबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सर शेजारी टेकले आणि आडपडदा न ठेवता बोलले. बाईंचा हात थांबला. इतके दिवस रोजच्या भाजीला खमंग म्हणत होता ते काय, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, अंदाजाने.

“आन माजा वास?” बाई हळूच म्हणाल्या. “त्यो तरी येतोय की न्हाय?”

सरांनी नजर चुकवली नाही.

“न्हाय,” ते म्हणाले. “पयला तुजाच गेला. त्यावरनंच तर मला कळलं.”

जगदेवीबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि सरकून त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसल्या.

“पुण्याला मी बी येनार,” त्या म्हणाल्या.