गुणमाला आत्याचा नियम

पौषातला दिवस लहान असतो, हे आप्पांना कुणी सांगायला नको होतं. आम्ही सांगलीचे जैन; दिवस मावळल्यावर आमच्या घरात कुणी अन्नाला हात लावत नसे. तरी त्या दिवशी त्यांनी उशीर केला.

चौऱ्याहत्तर साल असेल. आप्पांनी लष्कराच्या लिलावातली जीप घेतली होती. आई, मी आणि धाकटा सुकुमार, सगळे साताऱ्याला गुणमाला आत्याकडे निघालो होतो. आत्याच्या लग्नात मानपानावरून आप्पा रुसले, ते तिच्या दारी कधी गेलेच नव्हते. तिनं मग मुनिमहाराजांसमोर नियम घेतला, भाऊ माझ्या घरी जेवत नाही तोवर मी गोड खाणार नाही. तो नियम सोडवायलाच आम्ही चाललो होतो.

पण आप्पांना जीप दाखवायची होती. इस्लामपुरात एका अडत्याकडे थांबलो, कऱ्हाडात दुसऱ्याकडे. तो टायरांना लाथा मारून बघत होता, आप्पा बॉनेट उघडून इंजिन दाखवत होते.

"आवं, दिवस कलला. वन्सं वाट बघत असतील," आई हळूच म्हणाली.

"सातारा काय पळून जातोय व्हय?"

आत्याच्या दारात पोहोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. घरातून पुरणाचा वास येत होता. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली.

"दिवस बुडाला, अण्णा," ती आप्पांना म्हणाली.

"एक दिवस चालतंय की गं. वाढ तू."

"तुला चालंल. मी कशी वाढू?"

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कट्ट्यावर बसले होते. "मेहुणं, गाडी लय पळती म्हणं," ते म्हणाले.

"मग सकाळी ऊन आलं की जेवूनच जा," आत्या म्हणाली.

"सकाळी गुळाचं सौदं हायत गं. पहाटंच निघाय पायजे. पुढच्या खेपेला नक्की."

पहाटे तिनं पोळ्या फडक्यात बांधून आईकडे दिल्या. उजाडल्यावर पेठनाक्याशी जीप थांबवून आप्पांनी त्या रस्त्याकडेला उभ्यानं खाल्ल्या. लय मऊ झाल्यात, म्हणाले. आईनं तोंड फिरवलं.

पुढची खेप झाली ती आत्याच्या बाराव्याला. पावसाळ्याआधी ती काविळीनं गेली. त्या दिवशी आप्पा तिच्या घरात भर दुपारी जेवले, मान वर न करता. मामांनी आग्रह केला नाही आणि टोमणाही मारला नाही.

मी आजही देवदर्शन झालं की रोजचा नियम घेते. कधी दूध सोडते, कधी मीठ. पण ज्याचं सुटणं दुसऱ्याच्या हाती आहे, असा नियम मी जन्मात घेतला नाही. कुणासाठी अडून राहायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, एवढंच मी त्या दारात शिकले. पुष्कळ वर्षं मी त्याला वैराग्य समजत होते.

सुकुमार आता पुण्याला असतो. सणासुदीला फोन करतो, "अक्का, येऊ का जेवायला?"

"जमलं तर ये," मी म्हणते.

तो बरं म्हणतो. बहुतेक वेळा त्याला जमत नाही.